एका नाण्याएवढी फट

मी एक जुना दरवाजा आहे. हसू नका मित्रांनो, पण माझ्यामागे घरच नाही! मला उघडलं की दिसतात दोऱ्या, दिव्यांच्या वायरी आणि चहा पीत बसलेले नट. मी नाटकातला दरवाजा आहे.

मला घडवलं एका नावाजलेल्या सुतारानं. जन्मभर त्यानं घरांची दारं केली. "माझ्या दारातून मुंगी आत शिरली तर मिशी उतरवीन," असं तो म्हणायचा. मलाही त्यानं चौकटीत तसंच घट्ट बसवलं. त्याची मुलगी शेजारी पुस्तक घेऊन बसे, पण डोळे सगळे रंध्यावर. बापाची पाठ वळली की ती टाकाऊ फळीवर हात चालवून घेई. एकदा तो ओरडलाच, "ठेव तो रंधा! सात पिढ्या भुसा झटकला, पुरे झालं. तू शिकून साहेब व्हायचंस!" पोरीनं रंधा खाली ठेवला. मला फार वाईट वाटलं.

आमचं नाटक जुनं, गाजलेलं. त्यातला बाप धाकट्या मुलाला म्हणतो, माझंच दुकान तू चालव. शेवटी मुलगा मला धाडकन आपटून निघून जातो. त्या एका आवाजासाठी लोक पुन्हा पुन्हा येतात.

माझ्या पहिल्या प्रयोगाला थिएटर खचाखच भरलं. सुतार आणि त्याची मुलगी विंगेत उभी होती. पहिल्याच अंकात मुलाचं काम करणारा नट मला ओढू लागला. मी हललोच नाही! पुन्हा ओढलं. ढिम्म! शेवटी बिचारा खिडकीतून बाहेर गेला. प्रेक्षक पोट धरून हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मध्यंतरात मॅनेजर कडाडला, "शेवटी असंच झालं तर नाटक बुडालं म्हणून समजा!"

सुतार लालबुंद झाला. "माझ्या दाराला नावं ठेवू नका. गुण्या लावून काटकोन तपासा, केसाचा फरक निघायचा नाही!"

"बाबा, दार बरोबरच आहे," मुलगी म्हणाली. "पण ही घरातली जमीन नाही. माणसं चालली की स्टेजच्या फळ्या दबतात, चौकट तिरकी होते. दाराला थोडी फट हवी."

"फट? माझ्या दाराला?"

तेवढ्यात घंटा झाली. मुलीनं मग विचारलंच नाही. तिनं बिजागऱ्यांचे खिळे काढले, मला आडवं केलं आणि रंधा चालवला. सर्र, सर्र! तिसऱ्या घंटेला मी पुन्हा चौकटीत उभा!

नाटकाच्या शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, मी माझ्या वाटेनं जातो." मी अलगद उघडलो आणि मग, धाड! नंतर टाळ्या, टाळ्या आणि टाळ्या! असा आवाज माझ्यात आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

पडदा पडल्यावर सुतारानं माझ्या कडेवरून बोट फिरवलं. "किती ठेवलीस?"

"एका नाण्याएवढी."

"मला नसतं सुचलं, पोरी." त्यानं रंधा तिच्या हातात दिला. "घे, तुझाच आहे हा."

"आणि साहेब व्हायचं?"

"झालीस की! आजपासून मी तुझ्या हाताखाली."

दोघंही हसली, आणि दोघांनीही डोळे पुसले.

पुढे नाटक थांबलं आणि मी दोन वर्षं गोदामात बादल्यांखाली पडून होतो. नाटक पुन्हा सुरू झालं तेव्हा तिनंच मला शोधून काढलं, नवा रंग दिला. आज तिच्या हाताखाली दहा सुतार आहेत आणि माझे साडेतीनशे प्रयोग झालेत!

मित्रांनो, दारं जपा. बिजागरीला तेल द्या, ओल लागू देऊ नका. आणि घरी आईबाबांना माझा एवढा निरोप सांगा: पोरांना चौकट जरूर द्या, पण नाण्याएवढी फट सोडा. मग बघा, कसा आवाज निघतो तो!