धाकटीचं माप

थोरलीला शाळेत सगळे फुटपट्टी म्हणायचे. नाव ठेवणाऱ्या पोरी कधीच पांगल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. खांदे, कंबर, नितंब, सगळं एका रेघेत. घराच्या पुढच्या खोलीत गेली बारा वर्षं ती बायकांचे कपडे शिवत होती आणि कुठल्या अंगाला काय शोभेल हे तिला तोंडपाठ होतं. स्वतःसाठी मात्र वर्षाला दोन ढगळ झगे, एक राखाडी, एक तपकिरी. कुणी विचारलं तर म्हणायची, "झाकली मूठ बरी."

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि घरात जाऊ आली. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. सकाळी निघताना ती दारात चप्पल घालायला वाकली की सासूबाई पोळपाट सोडून बघत राहायच्या.

"हिला काहीही घाला, शोभतं," त्या म्हणायच्या. "अंगकाठीच तशी आहे."

थोरली तोंडावर हसायची आणि मशीनचं पायडल जरा जोरात मारायची. आठ महिने हे चाललं. धाकटीचा पिवळा स्कर्ट दोरीवर वाळत असला तरी थोरलीच्या डोळ्यांत सलायचा. पण मनाची एक समजूत होती: हे देवाचं देणं आहे. त्याच्यापुढे आपण काय करणार?

एक दिवस धाकटी गडद निळं कापड घेऊन पुढच्या खोलीत आली.

"ताई, दुकानाला पंचवीस वर्षं झाली म्हणून कार्यक्रम आहे. सूत्रसंचालन माझ्याकडे दिलंय. ड्रेस तुम्हीच शिवा."

थोरलीनं टेप काढली. छाती चौतीस. कंबर एकोणतीस. नितंब पस्तीस. वहीत लिहिताना तिचा हात थांबला. तिनं कंबर पुन्हा मोजली. एकोणतीसच. हे आकडे तिला पाहायची गरज नव्हती, ते तिचे स्वतःचे होते. उंचीतसुद्धा अर्ध्या इंचाचा फरक.

म्हणजे ही पण फुटपट्टीच.

तिच्या पोटात जे पेटलं ते आठ महिन्यांत कधी पेटलं नव्हतं. देवानं दिलेलं असतं तर देवावर रुसता आलं असतं. इथं तर दोघींना सारखंच मिळालं होतं. एक मिरवत होती आणि दुसरी बारा वर्षं राखाडी झग्यात.

"कमरेवर जोड द्या," धाकटी सांगत होती, "खाली घेर, आणि गळा खांद्यापर्यंत आडवा. म्हणजे जरा आकार येतो."

"नको. कापड जाड आहे, फुगेल," थोरली म्हणाली. "सरळच शिवते. गळा बंद. साधं छान दिसतं."

कापड फुगणारं नव्हतं. धाकटीनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाल तसं."

थोरलीनं ड्रेस बेतला तो अंगाला आकार देणारा एकही टक न घालता, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ. शिवण मात्र नेहमीसारखी सुबक घातली. कुणी बोट ठेवू नये म्हणून.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी धाकटीनं तो घालून पाहिला. आरशापुढे ती बराच वेळ उभी राहिली. तेवढ्यात सासूबाई आत डोकावल्या.

"हे काय गं? उशीला अभ्रा घातल्यासारखं दिसतंय."

थोरलीला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. वाटलंही, पण दोन घटकाही टिकलं नाही.

"मीच असा सांगितला होता, आई," धाकटी म्हणाली. "ताईंचं काही नाही त्यात."

सासूबाई गेल्या. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दिसायला छान ती आहेच, वर मनानंही मोठी.

"खोटं कशाला बोललीस?" तिनं विचारलं. "मी मुद्दाम केलंय हे."

"कळलं मला. टक घालायला तुम्ही विसराल होय?"

"मग मला बोलायचंस."

"बोलून काय? एकाच घरात राहायचंय." धाकटीनं ड्रेस उतरवून घडी केली. तिचा आवाज आता तितका मऊ नव्हता. "मला कॉलेजात फळी म्हणायचे. दोन वर्षं भावाचे शर्ट घालून फिरले मी. मग एका शिवणवाल्या बाईंनी सांगितलं, कंबर दिसत नसेल तर शिवून घ्यायची. तेव्हापासून घेते. तुम्हाला हे मी काय सांगणार? तुमच्या गिऱ्हाइकांना तुम्हीच सांगता."

धाकटी कामाला गेल्यावर थोरलीनं ड्रेस उसवला. वरचा भाग टक घालून अंगासरशी केला, कमरेवर जोड दिला, उरलेल्या कापडातून तिरके तुकडे कापून खाली घेर काढला. गळा आडवा उघडला. फिटिंगला माणूस नव्हतं, म्हणून दाराची कडी लावून स्वतःच घातला. आरशात कंबर असलेली एक बाई उभी होती. थोरलीनं तिला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मग उतरवून इस्त्री केली, आणि इस्त्री करतानाही तो आपल्याकडेच ठेवावा असं तिला दोनदा वाटलं.

कार्यक्रमाला थोरलीही गेली होती; बदललेला ड्रेस घालून धाकटी छान बोलली. नंतर चहाच्या वेळी दुकानाच्या मालकीणबाईंनी ड्रेसबद्दल विचारलं. धाकटीनं थोरलीकडे हात केला. बाईंनी राखाडी झग्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ह्यांनी?" त्या म्हणाल्या.

थोरलीनं चहा अर्धा टाकला. रात्रभर तिला धाकटीचा रागच येत राहिला, तिची काही चूक नसताना.

दुसऱ्या आठवड्यात तिनं विटकरी रंगाचं कापड आणलं आणि गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून दोन दिवसांत स्वतःचा ड्रेस शिवला. घालून ती स्वयंपाकघरात आली. नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली केलं आणि ते पुन्हा वर घ्यायचं विसरला.

सासूबाई म्हणाल्या, "धाकटीचा मागून घातलास का?"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. एरवी तिनं तो गिळला असता.

"नाही आई. मी शिवलाय, माझ्यासाठी," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकांसाठी पुढच्या खोलीचं दार उघडायला गेली.