वाडीभरचे आकडे

टेपाच्या वाडीत एकतीस माणसांचा मोबाईल नंबर एकच होता, आणि तो भगीरथाचा होता.

हे दुखणं काही भगीरथाने मागून घेतलेलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी आश्रमशाळेच्या पडवीत आधार कार्डाचं शिबिर भरलं. लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस प्रत्येकाला मोबाईल नंबर विचारी. नंबर घातल्याशिवाय म्हणे पुढचं पान उघडतच नाही. वाडीत तेव्हा फोन एकट्या भगीरथाकडे, तोही बटणांचा. रांगेत पहिला होता कमळू. त्याने मागे वळून विचारलं, तुझाच लिहू का रे? भगीरथ तंबाखू मळत होता, त्याने नुसती मान हलवली. मग कमळूच्या मागच्याने तेच केलं, त्याच्या मागच्याने तेच, आणि त्या लॅपटॉपवाल्यालाही घरी जायची घाई असणार, त्याने सगळ्यांच्या नावापुढे तेच दहा आकडे ठोकून दिले. नुसती मान हलवून माणूस केवढ्या लफड्यात पडतो, ते भगीरथाला पुढे कळलं.

कारण तेव्हापासून वाडीत कुणाचं काही सरकारी काम निघालं, की त्याचा ओटीपी भगीरथाच्या फोनवर. रेशन, जातीचा दाखला, बँक, गॅस, घरकुल, पोरांची शिष्यवृत्ती, काहीही. माणूस मुरबाडला कुठल्या तरी खिडकीपुढे उभा, आणि भगीरथ इकडे टेपावरच्या, म्हणजे वाडीमागच्या टेकडीवरच्या, खडकावर बसलेला, कारण वाडीत रेंज नाही. ऐन लावणीत पायाचा चिखल न धुता तो टेपावर गेलेला आहे. तापात कांबळं पांघरून गेलेला आहे. जाताना शिव्या द्यायचा, फोनला, सरकारला आणि सगळ्यात जास्त कमळूला. पण जायचं चुकवलं, असं एकदाही झालं नाही.

आणि आलेला आकडा त्याने कधी पुसला नाही. याला कारण त्याचा बाप. बापाने वनपट्ट्यासाठी दावा केला होता, त्याची पावती पेटीत जपून ठेवली होती, आणि ती वाळवीने खाल्ली. पुढे साहेबाने पावती मागितली. पावती नाही, म्हणून पट्टा नाही. दोन पिढ्या नाचणी पिकवलेली जमीन एवढ्याशा चिटोऱ्यापायी हातची गेली, आणि त्या दिवशी कचेरीत बापाच्या शेजारी भगीरथ उभा होता. सरकारकडून आलेलं काहीही टाकून द्यायचं नाही, हे तेव्हा त्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. हे आकडे म्हणजे लोकांच्या पावत्याच की. उद्या साहेबाने मागितल्या तर?

त्यात आश्रमशाळेच्या गुरुजींनी एकदा त्याला सांगितलं होतं, की हा आकडा ज्याचा त्यालाच सांगायचा, दुसऱ्या कुणाला नाही. झालं. त्या दिवसापासून फोन कुणाच्या हाती देणं बंद, बायकोच्याही. एवढा मला कधी जपला नाय, असं रखमी चारचौघांत म्हणायची. तो ऐकून घ्यायचा. रोज संध्याकाळी बसून रिचार्जच्या आणि लॉटरीच्या जाहिराती तेवढ्या पुसायचा, आणि लोकांच्या मेसेजवरून एकदा नजर फिरवायचा. कुठला कुणाचा, हे त्याला तारखेवरून पाठ होतं. शेळ्या राखणाऱ्याला आपल्या शेळ्या ओळखू येतात, तसे साठलेले दीड-पावणेदोनशे मेसेज तो ओळखायचा.

यंदा गाठ पडली ती घरातल्याच कामाशी. त्याच्या रविनाला शहापूरला नर्सिंगच्या शिक्षणासाठी जागा मिळाली. बारावी होऊन वर्ष झालं होतं. गेल्या खेपेला दाखला उशिरा आला म्हणून तिची जागा हुकली होती आणि पोरीने पूर्ण हंगाम वीटभट्टीवर आईबापाबरोबर विटा वाहिल्या होत्या. एका शब्दाने कुरकुरली नाही. पण यंदाही राहिलं तर तिचं लग्न करून टाकायचं, असं घरात ठरल्यातच जमा होतं. मुलगाही बघून ठेवला होता. रविना त्याबद्दल काही बोलत नसे, आणि ती बोलत नाही याचाच भगीरथाला जास्त त्रास होई.

जागा पक्की करायची मुदत होती शुक्रवारी पाचपर्यंत. बापलेक सकाळीच निघाले, म्हसा गावापर्यंत चालत आणि तिथून जीपने मुरबाड. स्टँडमागे मनाली नावाच्या बाईचं फॉर्म भरायचं दुकान आहे, तिथे तीन तास नंबर लावून बसले. नंबर आला तेव्हा साइट बंद. साइट चालू झाली तेव्हा फोटो मोठा. फोटो लहान केला तर सही दिसेना. मनाली गरीब स्वभावाची, पण तिचाही जीव मेटाकुटीला आला होता. शेवटी साडेतीनच्या पुढे गाडी ओटीपीपाशी आली. तिने बटण दाबलं आणि म्हणाली, काका, आला की सांगा.

आला नाही. दहा मिनिटं तिघंही त्या फोनकडे बघत होते. मनालीने पुन्हा पाठवला. तोही आला नाही.

भगीरथाने फोन जरा आडवा धरून बघितलं. वरच्या कोपऱ्यात पाकिटाचं चित्र लुकलुकत होतं. मेसेजला जागा नाही. फोनात मावतात ते दोनशेचे दोनशे भरले होते. वाडीत रेंज नाही म्हणून अडकून राहिलेल्या जाहिराती मुरबाडच्या रेंजमध्ये आल्या आल्या बदाबदा आत शिरल्या होत्या आणि दार बंद झालं होतं.

काय झालंय ते त्याने त्या दोघींना सांगितलं नाही. सांगितलं तर मनाली म्हणणार, बघू. मग ती वाडीभरच्या लोकांचे आकडे बघणार. रेंज नाय वाटतं, असं पुटपुटत तो बाहेर पडला आणि स्टँडच्या भिंतीला टेकून कामाला लागला. आधी जाहिराती पुसल्या, चार. लगेच दुसऱ्या चार आल्या. त्याही पुसल्या, आणखी आल्या. मग त्याने स्वतःचे मेसेज पुसले, सगळे. रखमीचे पुसले. रविनाचे शिष्यवृत्तीचे पुसले. जेवढी जागा करावी तेवढ्या जागेत कोण तरी गाणं विकणारा नाही तर कर्ज देणारा येऊन बसत होता, आणि ज्याची वाट बघायची तो मागे रांगेत कुठे अडला होता कोण जाणे. भगीरथाने त्या गाणेवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

आता उरले ते लोकांचे. त्याने पहिला उघडला तो गणूचा. गणूच्या शेळ्यांनी गेल्या माघात भगीरथाचा अख्खा वाल खाल्ला होता आणि वर गणूच भांडायला आला होता. याचे आधी जाऊ देत, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. बोट बटणावर गेलं, आणि तिथून परत आलं. गणू कसाही असो, त्याने ते आपल्या भरवशावर ठेवलंय. शेळ्यांचा राग असा काढला तर आपल्यात आणि त्या वाळवीत फरक काय?

तेवढ्यात मनाली दुकानाच्या दारात आली. म्हणाली, "काका, चार वाजून गेलेत. आता शेवटची खेप. हा पण नाही आला तर साइट उद्यापर्यंत आपल्याला बंद, आणि उद्या मुदत नाही."

तिच्या मागे रविना उभी होती.  वीटभट्टीवर डोक्यावर पाटी चढवताना तिचा चेहरा जसा कोरा असे, तसा आत्ता होता. ते बघून भगीरथाच्या आत काही तरी तुटलं. एकतीस माणसं एका बाजूला आणि आपली पोर एका बाजूला. देवाला काही दुसरं सुचलं नाही का?

त्याने मनालीला पाच मिनिटं थांबायला सांगितलं. एकेक पुसत बसलं तर अंधार पडेल. फोनमध्ये एक बटण होतं, ते त्याला ठाऊक होतं आणि आजवर तो त्याच्या आसपासही फिरकला नव्हता. त्याने ते दाबलं. फोनने विचारलं, सगळे पुसायचे का? भगीरथाने डोळे मिटून एकदा कमळूची, वाडीतल्या म्हाताऱ्या भिमीआजीची, सगळ्या वाडीची क्षमा मागितली, आणि हो दाबलं. दोनशे मेसेज गेले. एवढंसं वाजलंसुद्धा नाही.

मग जाहिरातींचा लोंढा आला. तीस-बत्तीस आल्या असतील. त्या थांबल्यावर तो आत गेला, मनालीला म्हणाला, पाठव बाय. तिने बटण दाबलं. फोन त्याच्या तळहातावर थरथरला. सहा आकडे. त्याने ते रविनाला वाचून दाखवले, दोनदा, सावकाश. मनालीने ते घातले, पडद्यावर चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग हिरवी अक्षरं आली. प्रवेश निश्चित.

रविना खुर्चीत बसली होती ती तशीच खाली वाकली आणि सरळ दोन्ही तळहातांनी तोंड झाकून रडायला लागली. मनालीने तिला पाणी दिलं आणि प्रिंट काढून तिच्या हातात ठेवली. भगीरथाने तो कागद घेऊन खालीवर बघितला. त्याला त्यातलं फारसं वाचता येत नव्हतं, पण रविनाचा फोटो होता, खाली शिक्का होता. छातीवरची धोंड कोणी उचलून नेल्यासारखं त्याला झालं. परतीच्या जीपमध्ये रविना बडबडत होती, होस्टेलबद्दल, पांढऱ्या कपड्यांबद्दल. एवढी ती वर्षभरात बोलली नव्हती. तो हूं हूं करत होता. पोरीचा आनंद नासवायचा नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं. बाकी वाडीतल्यांना काय सांगायचं, ते तो मनात जुळवत होता.

वाडीत शिरताना पहिलं घर भिमीआजीचं. उन्हं उतरली होती, ओट्यावर ती वाल सोलत बसली होती, कमळू आणि गणूही तिथेच टेकले होते. रखमी वाट बघत उभी होती. रविनाने लांबूनच कागद हलवला, आणि एकच गलका झाला. भिमीआजीने पोरीवरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. कमळूने तर आमच्या वाडीची नर्सबाय म्हणून हाकाट्या घातल्या. भगीरथ ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसला आणि मान खाली घालून म्हणाला की त्याला काही सांगायचंय.

त्याने सगळं सांगितलं. तीन वर्षं आकडे कसे ठेवले, बापाची पावती, भरलेला फोन, शेवटचं बटण. गणूचे आधी पुसणार होतो, तेही सांगून टाकलं. "माझ्या पोरीपायी मी तुमचा सगळ्यांचा आकडा घालवला," तो म्हणाला. "उद्या साहेबानं मागितला तर माझ्याकडं काय नाय."

 कमळू गणूकडे बघू लागला आणि गणू कमळूकडे. रविनाला आत्ता सगळा उलगडा झाला. ती त्याच्यापुढे बसली, त्याचा हात धरून म्हणाली, "बा, तो आकडा दहा मिन्टं चालतो. मंग तो मेला. साहेब परत कदीच नाय मागत."

भगीरथाने तिच्याकडे बघितलं, पण त्याला ते पटलं नाही. पोर बापाची समजूत घालतेय, असंच त्याला वाटलं. सरकार आणि परत मागणार नाही?

भिमीआजीने वालाचं सूप बाजूला ठेवलं. "माझ्या घरकुलाचा पन गेला काय रे?" तिने विचारलं.

"गेला आजी."

"मंग तू टेकलास कशाला?"

भगीरथाला आधी कळलं नाही. मग त्याने मान वळवून पाठीमागे बघितलं. सिमेंटची भिंत होती, पिवळा रंग दिलेली, गेल्या वर्षी उभी राहिलेली. तिच्या विटा त्याने स्वतः म्हसा गावाहून ट्रॅक्टरमध्ये बसून आणल्या होत्या. वर पत्रा होता, आत भिमीआजीची चूल पेटलेली होती. वर्षभर हे घर इथे उभं होतं, आणि वर्षभर तो टेपावर बसून त्याचा आकडा राखत होता.

त्याने भिंतीवर हात ठेवला. मूठ वळून एकदा ठोकूनही बघितली. मग त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी तो हसतच होता. हसतोस का रडतोस, रखमी विचारत होती. गणू त्याच्याजवळ सरकला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आमी तुला खडूस बोलाचो रे. फोन कदी हातात देत नाय म्हनून." आणि मग तोही हसायला लागला.

भगीरथाने उपरण्याने तोंड पुसलं. सकाळपासून आपल्या पोटात अन्नाचा कण नाही, हे त्याला तेव्हा कुठे आठवलं. खिशातून फोन काढून त्याने रखमीच्या हातात दिला, ठेव कुठं पन म्हणाला, आणि भिमीआजीला विचारलं, "आजी, भाकर हाये काय गो?"