दोन मिनिटांचा फोन

लंबू आणि चष्मिश हे दोन मुलगे कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एकाच लेथ मशीनवर काम शिकले आणि तिथेच एकमेकांच्या प्रेमात पडले. चष्मिशने आईला सांगितलं, तेव्हा ती आठवडाभर भांडी आपटत होती. मग म्हणाली, "जेवायला आण. बघू तरी काय ध्यान आहे ते!" लंबूने तीनदा वाढून घेतलं आणि आईला जिंकलं.

त्या घरात चष्मिशच्या दादाचा फोटो होता. अकराव्या वर्षी तो पोहण्याच्या तलावात बुडाला होता. लंबूने घरी हे सहज सांगितलं. त्याचे बाबा सायकली दुरुस्त करायचे. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"कुठला तलाव? किती वर्षं झाली?"

लंबूने सांगितलं, तसे ते स्टूल ओढून बसले.

"मीच पोहायला शिकवत होतो रे तिथे. घरून फोन आला, तू तापाने फणफणला होतास. दोन मिनिटं पाठ फिरवली."

लंबूने लपवाछपवी केली नाही. दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपमागच्या जिन्यात चष्मिशला सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तुझ्या तापापायी माझा दादा गेला," चष्मिश म्हणाला. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं, पण शब्द मागे घ्यायला जीभ वळेना. त्याने सरांना सांगून लेथ बदलून घेतलं. तीन आठवडे दोघं एकमेकांसमोरून अनोळखी असल्यासारखे जात राहिले.

शेवटी आईनेच विचारलं, "लंबू फिरकत नाही हल्ली. भांडलात?"

चष्मिशने सांगितलं. आईने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"तो माणूस तीन दिवस आपल्या दारात येऊन उभा राहायचा. मी दार उघडलं नाही. कुणाला तरी शिव्याशाप द्यायचे होते, तो आयताच सापडला." मग तिने विचारलं, "लंबू तेव्हा केवढा होता?"

"आठ वर्षांचा. माझ्याएवढाच."

"तुला ताप आला असता, तर मी नसता फोन केला?"

रविवारी सकाळी मायलेक सायकलच्या दुकानात गेले. लंबूचे बाबा हात पुसत उभे राहिले. आईने एकच विचारलं, "त्या दिवशी तो कसा होता?"

"खुशीत होता, ताई. पहिल्यांदाच न थांबता या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहला. काठाला हात लावून ओरडला, 'सर, आईला तुम्हीच सांगा, माझं तिला खरं वाटणार नाही!'" त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "तेवढंच सांगायला येत होतो मी तुमच्या दारी."

आई रडता रडता हसली. "थापाड्याच होता मेला," म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. "आता सगळं सांगा. अगदी पहिल्या दिवसापासून."

चष्मिश बाहेर आला. फुटपाथवर लंबू एका चाकाला हवा भरत होता.

"अजून राग आहे?" लंबूने विचारलं.

"आहे. कुणावर, ते कळत नाही. तुझ्यावर नाही." चष्मिशने चष्मा काढून पुसला. "तापाचं बोललो ते चुकलंच माझं."

"चुकलंच," लंबू म्हणाला. मग त्याने पंप पुढे केला. "घे, भर. हात दुखले माझे."