दोन हर्बर्ट ब्रुक

आईने कागद उलटा केला आणि डाव्या हाताचं मधलं बोट त्याच्या कोऱ्या बाजूवरून खाली नेलं. सेकंदाला साधारण एक इंच, त्याहून जलद नाही. हडर्सफील्डच्या गिरणीत अडतीस वर्षं तिने लोकरी कापडातल्या गाठी अशाच मागच्या बाजूने शोधल्या होत्या.

"पेनाचा दाब लागत नाही. सही छापील आहे," ती म्हणाली.

"तीनशे सहा जण आहेत, एडनाबाई," मिस्टर हेग म्हणाले. "मंत्री एकेका कागदावर सही करत कुठे बसणार?"

"गोळ्या एकेकाला घातल्या ना?"

हेगांनी टोपी मांडीवर ठेवली. ते बसचालक म्हणून निवृत्त झालेले, आता गावच्या युद्धस्मारक समितीचे चिटणीस. माझे आजोबा हर्बर्ट ब्रुक १९१७ साली फ्लँडर्सच्या आघाडीवरून पळाले, म्हणून त्यांच्याच फौजेने त्यांना भिंतीपाशी उभं करून मारलं. हे मला साठीच्या उंबरठ्यावर, आठ दिवसांपूर्वी, हेगांच्या फोनवरून कळलं. आईला आधीपासून माहीत होतं. आता नव्वद वर्षांनी पार्लमेंटने अशा गोळी घातलेल्या सगळ्यांना माफी दिली होती. तिची प्रत घेऊन हेग आले होते.

"माझा पत्ता कुणी दिला तुला?"

"मी समोर राहतो, एडनाबाई."

"दूधवाल्या हेगचा धाकटा ना तू? तुझा बाप दुधात पाणी घालायचा."

"घालायचे," हेग म्हणाले. "पण स्वच्छ घालायचे."

आई हसली नाही. तिने कागद माझ्यापुढे सरकवला. "खालचं बारीक वाच."

मी वाचलं. या माफीमुळे मूळ दोष किंवा शिक्षा रद्द होत नाही, असा त्याचा अर्थ होता.

"म्हणजे गुन्हा जागच्या जागी. मग माफी कसली? काय हवंय यांना?"

"काही नको. तुम्ही हो म्हणालात, तर स्मारकावर नाव कोरू."

"एच. ब्रुक आहे तिथे."

"तो दुसरा हर्बर्ट. अ‍ॅनीबाईंचे वडील."

गावातून एकाच पलटणीत दोन हर्बर्ट ब्रुक गेले आणि दोघेही परतले नाहीत. दगडावर नाव मात्र एकच. पाथरवटाने चिकटपणा केला, एका ओळीत दोघांना बसवलं, असं गाव हसून म्हणायचं. आमच्या घरात कुणी ते खोडून काढलं नाही.

हेग उठले आणि शेकोटीवरच्या भिंतीकडे गेले. तिथे काशाची गोल तबकडी होती. युद्धात गेलेल्यांच्या घरी सरकारने पाठवलेली. तिच्यावर पद नाही, पलटण नाही, फक्त नाव. आजी दर शनिवारी ती घासायची, पुढे आई.

"नवल आहे," हेग म्हणाले. "गोळी घातलेल्यांच्या घरी ही पाठवत नसत."

"चुकून पाठवली असेल. सरकारी कारभार."

"असेल." पण ते तिथून हलले नाहीत. मी आईच्या बोटाकडे पाहिलं. ते कागदावर अर्ध्यात थांबलं होतं. प्रयोगशाळेत नोकरीला असताना मी एकाच नावाच्या दोन नमुन्यांची अदलाबदल दोनदा पकडली होती. मला पुढचा प्रश्न सुचला होता. मी तो विचारला नाही.

"अ‍ॅनीला भेटलास?" आईने विचारलं.

"सकाळीच. त्यांच्या वडिलांच्या नावाखाली दुसरा एच. ब्रुक येणार, म्हटलं विचारून घ्यावं."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, कोरा की, खाली जागा आहे. एडनाचा बाप इतकी वर्षं उभाच आहे."

अ‍ॅनी त्र्याण्णव वर्षांची, टेकडीवरच्या वृद्धाश्रमात. गिरणीत तीस वर्षं ती आणि आई एकाच मेजाशी बसल्या. तिची आई तबकडीसाठी पोस्टात किती वर्षं खेपा घालत होती, हे अ‍ॅनी हसतहसत सांगायची. "तुमची आली गं, आमचीच हरवली."

आईने कागदाची घडी घातली. हेगांनी टोपी उचलली. "सावकाश कळवा."

"बस तू," आई म्हणाली. मग माझ्याकडे न बघता बोलू लागली. "तबकडीचं पाकीट चुकीच्या मिसेस ब्रुककडे आलं. आत अ‍ॅनीच्या बापाच्या पलटणीतल्या नंबराची चिठ्ठी होती, ती माझ्या आईने चुलीत घातली. तबकडी खिडकीत ठेवली, मग मला शाळेत कुणी काही विचारलं नाही. एक्कावन्न साली, मरताना, तिने हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी अ‍ॅनीशेजारी जाऊन बसले आणि दिवसभर गाठी काढल्या."

"एडनाबाई, आता इतक्या वर्षांनी..."

"माझ्या बापाचं नाव कोर. पूर्ण, हर्बर्ट." ती खुर्चीचे हात धरून उठली आणि माझ्याकडे वळली. "आणि तू गाडी काढ गं. ही तबकडी अ‍ॅनीची आहे, आणि ते तिला मी सांगणार आहे."