गाढवाला कंबर नसते

गाढव पुन्हा थांबलं. रस्ता सपाट, समोर चिटपाखरू नाही, आणि ते आपलं बुजवलेल्या चराच्या ताज्या मातीपुढे उभं. कॅमेरे इकडेतिकडे फिरवून त्याने अंदाज घेतला, दहा हात मागे आलं आणि सरळ रस्ता सोडून दगडधोंड्यांतून वळसा घालून पुढे गेलं.

वर पोचल्याचा दिवा लागला तशी इंजिनिअर पोरगी म्हणाली, "छप्पन्न मिनिटं. काका, सहा मिनिटं जास्त."

काका चिडले की मिशी चावतात, एवढं मला माहीत होतं, आणि त्या वेळी ते मिशीच चावत होते.

गाढव म्हणजे आमची बिनचालकाची गाडी. कागदोपत्री तिला भलं मोठं नाव आहे. ते फक्त मालकांना पाठ आहे आणि तेही पाहुणे आले की चुकतात. मालक पूर्वी पाण्याचे पंप बनवायचे. तो धंदा बसला तेव्हा सैन्याची जाहिरात त्यांच्या वाचनात आली: उंचावरच्या चौक्यांवर पाणी आणि औषधं पोचवणारी, माणूस न लागणारी गाडी हवी. अर्ज करणाऱ्या कंपन्या केवढाल्या, आणि आम्ही पत्र्याच्या शेडमधली नऊ माणसं. कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी! तरी दोन चाचण्या आम्ही पार केल्या होत्या. आता शेवटची राहिली होती. दोनशे किलो ओझं, चढाची वाट, पन्नास मिनिटं, आणि गाडीत कोणी बसायचं नाही. ही गेली तर शेडला कुलूप लागणार, हे मालकांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं. चाचणीला अकरा दिवस होते.

मी तिथे वायरिंग करते. काका सैन्यात बावीस वर्षं रसदीचा ट्रक चालवून निवृत्त झालेले. आमच्याकडे त्यांचं काम एकच: गाडीत बसायचं आणि ती चालवायची. ते चालवायचे आणि गाढव बघायचं. काका कुठे वळतात, कुठे ब्रेक दाबतात, सगळं इंजिनिअर पोरीच्या यंत्रात साठायचं आणि त्यावरून गाढव आपलं आपण चालायला शिकायचं. असं चारशे तास. शिकून तयार झालं की काकांची गरज संपणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ताई, त्याच्यासाठीच तर आलोय."

त्या दिवशी शेडमध्ये परतल्यावर पोरगी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"काका, स्पष्ट विचारते. ताजी माती दिसली की ते वळसा घालतं. सराव-वाटेवर अशा सात जागा आहेत. केबलवाल्यांनी खणून बुजवलेल्या. तुम्ही प्रत्येक वेळी तिथून बाजूने गेलात, म्हणून तेही जातं. तीन दिवस सरळ त्या मातीवरून चालवा. ते विसरेल. सहा मिनिटं तिथेच वाचतात."

"नाही."

"अहो, पण तिथे काही नसतं! साधी माती!"

"असेल."

"मग?"

काकांनी चहाचा पेला खाली ठेवला. मी हातातली वायर सोडली नाही, पण सोलायची थांबले.

"एकदा गेलो होतो सरळ," ते म्हणाले. "वर पाणी संपलं होतं. लवकर या, लवकर या, असं सारखं सांगत होते. वाटेत माती उकरलेली दिसली, सुरुंग पुरताना उकरतात तशी. मला दिसली, पोरी. म्हटलं, वळसा घालायला चार मिनिटं जातील. गेलो वरून. माझी गाडी पार झाली. मागची नाही झाली. मागच्या गाडीत दोघं होते. एक माझा जोडीदार, नऊ वर्षांचा. दुसरा बदलीवर नुकताच आलेला. त्याच्याशी तर माझं धड बोलणंही झालं नव्हतं."

काकांनी उरलेला चहा एका घोटात संपवला.

"माझ्या बाकी सगळ्या खोडी काढून टाक," काका म्हणाले. "एवढी ठेव. सहा मिनिटं मी दुसरीकडून काढून देतो."

दुसरीकडून म्हणजे कुठून, ते त्यांना तरी कुठे माहीत होतं! मालकांनी कपाळाला हात लावला. पण काका एकदा बोलले म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दुसऱ्या दिवशी ते पोरीच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि गाढवाच्या फेरीचं चित्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत बघू लागले. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी चित्र थांबवायला लावलं.

"इथे हळू का झालं ते?"

"तेच कळत नाही," पोरगी म्हणाली. "दगड एवढासा आहे. चाकं सहज जातील. पण प्रत्येक दगडाला ते असं नाजूकपणे चढतं आणि नाजूकपणे उतरतं. मी सगळे आकडे तपासले. कारणच सापडत नाही."

काकांनी तोच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग त्यांचे कान लाल झाले.

"ती माझी कंबर आहे," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी इतकी हसले की हातातली पक्कड पायावर पडली. काकांच्या कंबरेचं दुखणं जुनं होतं. दगड आला की ते गाडी अलगद घ्यायचे, गचका बसू नये म्हणून. चारशे तास ते स्वतःची कंबर जपत होते आणि गाढव गुरूची विद्या इमानाने शिकत होतं. गाढवाला कंबर असते हे जगात फक्त आमच्या शेडने सिद्ध केलं!

"काढता येईल?" काकांनी विचारलं.

"नवीन चालवून दाखवावं लागेल," पोरगी हळूच म्हणाली. "दगडांवरून, न थांबता. निदान चाळीस तास. दुसरं कोणी चालवू शकेल का?"

"दुसऱ्याने चालवलं तर तो स्वतःच्या खोडी शिकवेल. चार दिवस दे."

त्या चार दिवसांबद्दल मी जास्त सांगत नाही. काका सकाळी सहाला कमरेला पट्टा आवळून बसायचे आणि अंधार पडेपर्यंत दगडांवरून गाडी उडवायचे. उतरताना त्यांना दोघांनी धरायचं. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन मलाच आला. "वय काय, उड्या काय! तुम्ही कोणी सांगत नाही का त्यांना?" मी म्हटलं, "काकू, तुम्ही सांगून बघा." पलीकडून सुस्कारा आला. मग काकू म्हणाल्या, "सांगून ऐकलं असतं तर मग काय! पट्टा नीट बांधलाय का, तेवढं बघ." तेवढं मी बघत होते. तिसऱ्या दिवशी पट्टा बांधताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तर मला म्हणाले, "धूळ आहे." धूळ कसली, त्या वेळी आम्ही शेडमध्ये होतो. मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्याबद्दल फार वाटलंही.

मातीच्या सात जागा आल्या की मात्र ते तसेच थांबायचे, मागे यायचे आणि वळसा घालायचे. प्रत्येक फेरीला. एकदाही चुकले नाहीत.

चाचणीच्या सकाळी आम्ही टेकडीच्या पायथ्याशी एका तंबूत उभे होतो. सैन्याच्या साहेब मंडळींच्या टेबलावर पडदा होता आणि त्यावर गाढवाला दिसणारी वाट. ही वाट आम्ही कोणी पूर्वी पाहिलेली नव्हती. रिकाम्या सीटचं गाढव निघालं. पहिल्या दगडावरून ते असं धडाधड गेलं की मालकांनी डोळे मिटून घेतले. काका पडद्याजवळ उभे. त्यांच्या हातांना काही कामच नव्हतं. ते एकदा खिशात जायचे, एकदा पाठीमागे.

तिसऱ्या वळणावर गाढव थांबलं. सरळ, स्वच्छ रस्ता. मागे आलं. बाजूच्या खडकांकडे वळलं.

"बिघडलं का?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

मालकांनी पोरीकडे पाहिलं. पोरगी काही बोलणार, तेवढ्यात काका म्हणाले, "नाही साहेब. तिथली माती नवीन आहे."

"मला तर काही दिसत नाही."

"मलाही इथून दिसत नाही. पण त्याला दिसली असणार."

साहेबांनी शेजारच्या माणसाकडे पाहिलं. त्याने खाली वाकून सांगितलं की चार दिवसांपूर्वी तिथे पाण्याचा नळ टाकून वरून रस्ता दाबला होता. साहेबांनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागले. अशा जागा आणखी दोन आल्या. प्रत्येक ठिकाणी मिनिट जात होतं आणि प्रत्येक दगडावर थोडं थोडं परत मिळत होतं. पोरीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली.

एकोणपन्नास मिनिटं, वीस सेकंद.

मालक मटकन खुर्चीत बसले. पोरगी रडली, मीही रडले. लाजायचं काय त्यात? काका मात्र पडद्यावरच्या पाण्याच्या कॅनकडे बघत होते. वरचे जवान ते एकेक करून उतरवून घेत होते. एकाने तिथेच झाकण काढून तोंडावर पाणी मारलं.

मग कारकून फॉर्म घेऊन आला. फॉर्म जुनाच होता, सगळ्या गाड्यांना चालणारा. तो उभ्याउभ्या एकेक रकाना मोठ्याने वाचून भरू लागला.

"चालक?"

"कोणी नाही," पोरगी म्हणाली.

"सहचालक?"

"कोणी नाही."

"जखमी किंवा मृत?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने स्वतःच लिहिलं, "कोणी नाही."

तो कागद मिटणार होता. काका एका हाताने कंबर धरून पुढे आले.

"साहेब, तेवढं पुन्हा वाचा."

कारकुनाने त्यांच्याकडे पाहिलं. मग कागद उघडून त्याने तीनही रकाने सावकाश, पहिल्यापासून वाचले, आणि ते संपेपर्यंत काका सरळ उभे राहिले.