दूधवाल्याच्या घरातला शेकर

मित्रांनो, मला हलवण्याआधी झाकण घट्ट बसले आहे ना, ते तेवढे पाहून घ्या. नाहीतर कपड्यांसकट अंघोळ होईल आणि नाव माझे खराब होईल. मी एक जुना शेकर आहे. काळ्या प्लास्टिकचा उंच पेला, फिरकीचे झाकण आणि आत तारेचा एक पोकळ चेंडू. व्यायाम करणारे माझ्यात ताकदीची पावडर घालतात, वर काहीतरी पातळ ओततात आणि मला गदागदा हलवतात. मग चेंडू आत आपटून गुठळ्या मोडतो. तुमच्या पोटात भीतीने गोळा येतो, माझ्या पोटात तो कारखान्यातच टाकून ठेवला आहे.

साच्यातून निघालो तेव्हा मी भलताच चकचकीत होतो. पण खेळाच्या दुकानात बराच काळ धूळ खात पडलो. एके दिवशी एक उंच मुलगी आली. तिने मला उलटे धरून कानाशी हलवले.

"गळत नाही ना?" तिने दुकानदाराला विचारले.

"गळला तर परत आणा," तो म्हणाला.

मला रागच आला. अजून कामाला लागलो नाही, तोच माझ्या चारित्र्यावर संशय!

या मुलीला अग्निशमन दलात जायचे होते, म्हणून गल्लीतली पोरे तिला बंबताई म्हणत. भरतीची परीक्षा सोपी नव्हती. खांद्यावर वाळूचे पोते घेऊन उंच मनोऱ्याचा जिना ठरलेल्या वेळेत चढायचा. मागच्या वेळी शेवटच्या वळणावर दम संपला आणि तिने पोते खाली ठेवले होते. आता वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती.

तिचे घर दुधाच्या दुकानामागेच होते. दुकान अण्णांचे, म्हणजे तिच्या वडिलांचे. गल्ल्यावर आत्या बसे. पहिल्याच दिवशी ताईने मला नळाखाली धरले, पावडर घातली आणि हलवायला लागली. अण्णांनी हातातला कॅन खाली ठेवला.

"दुधाच्या घरात पाण्यात पावडर? गिऱ्हाइकांनी बघितलं तर काय म्हणतील?"

"अण्णा, व्यायामशाळेतले सर म्हणाले, व्यायामाच्या आधी हलकं घ्यायचं. दूध नंतर."

"दूध कधीपासून जड झालं? याच दुधावर वाढलीस तू."

"वाढली," आत्या गल्ल्यावरून म्हणाली, "पण दूध पिऊन ती धावायची नाही, झोपायची."

पण अण्णांपुढे कुणाचे चालते? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला स्वतःच्या ताब्यात घेतले. सायीचे घट्ट दूध गळ्यापर्यंत भरायचे, पावडर घालायची आणि लेक शेवटचा घोट घेईपर्यंत समोर उभे राहायचे. खरे सांगतो, दूध मला आवडते. पण ती पिऊन लगेच पोते घेऊन जिने चढायच्या सरावाला जाई आणि अर्ध्यावरच पोट धरून बसे. मी पायरीवर पडून तिचे ढेकर मोजत असे. दिवसेंदिवस पोते जड होत गेले. शेवटी एका सकाळी तिने पोते टाकले, मला तसेच उष्टे पिशवीत कोंबले आणि पिशवी खाटेखाली सरकवली.

ते दिवस आठवले की आजही कसेतरी होते. तळाशी दूध, वर घट्ट झाकण आणि उकाडा. माझा मलाच वास सहन होईना. तोच वास हुंगत आत्या खाटेखाली वाकली. नाकाला पदर लावून तिने मला बाहेर काढले, गरम पाण्याने खसखसून धुतले आणि ताईसमोर ठेवले.

"हे काय चाललंय?"

"मी यंदा जातच नाही, आत्या. जमत नाही मला. ते दूध पोटात असलं की पाय उचलत नाही."

"मग अण्णाला सांग ना."

"कसं सांगू? उठल्या उठल्या माझ्यासाठी साय बाजूला काढतात ते."

दुसऱ्या दिवशी पहाटे दुधाचा टेम्पो आला. अण्णा कॅन उतरवायला निघाले, तशी आत्या मला दुधाने काठोकाठ भरून आडवी आली.

"आधी एवढं पी, मग उतरव."

"वेड लागलं का तुला?" अण्णा म्हणाले. "ओझं उचलायच्या आधी दूध? पोट डचमळेल. घोटभर पाणी दे."

आत्याने मला हलवलेसुद्धा नाही. नुसती बघत राहिली. अण्णांचा हात कॅनवरच थांबला.

"असं पोरीचंही होतं?" त्यांनी विचारले.

"होतं. तुझं मन मोडेल म्हणून बोलत नाही ती."

अण्णांनी माझ्यातले दूध पातेल्यात ओतले. मग त्यांनी मला नळाखाली स्वतः विसळले, भर गिऱ्हाइकांत पाण्याने भरले, पावडर घातली आणि घराच्या दाराकडे तोंड करून ताईला हाक मारली.

"काय अण्णा, आता उघडउघड पाणी?" एक गिऱ्हाईक हसले.

"हे लेकीचं आहे. तुमचं दूध वेगळं," अण्णा म्हणाले.

त्या दिवसापासून ताई पुन्हा जिना चढू लागली.

परीक्षेच्या दिवशी मी अण्णांच्या मांडीवर होतो. ताई पोते घेऊन निघाली. शेवटच्या वळणावर ती थांबली, तेव्हा अण्णांनी मला इतके आवळले की माझे झाकण कुरकुरले. मग तिने पोते खांद्यावर नीट केले आणि वर जाऊन घंटा वाजवली. वेळ संपल्याची शिट्टी अजून झाली नव्हती.

ती लटपटत खाली आली. अण्णांच्या पिशवीत दोन बाटल्या होत्या, एक पाण्याची, एक दुधाची. त्यांनी माझे झाकण उघडले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला विचारले, "काय घालू?"

ताईचे डोळे भरून आले. "दूध," ती म्हणाली. "भरपूर घाला."

आज मी अग्निशमन केंद्रातल्या तिच्या कपाटात राहतो. अंगावर चरे पडले आहेत, पण अजून गळत नाही. मित्रांनो, माझ्यासारख्याला वापरल्यावर लगेच धुवा आणि झाकण उघडे ठेवून वाळवा. आणि दुसऱ्यासाठी पेला भरायचा असेल, तर प्रेम कितीही असो, आधी त्याला विचारा. विचारून दिलेले ते दूध ताईने किती आवडीने संपवले, ते मी आतून पाहिले आहे.