वह्यांवरचं नाव

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण पेंटर शहाणा कधीच नव्हता, आणि चढला तोही जुन्या वह्यांनी फुगलेल्या दोन पिशव्या घेऊन.

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्याने लग्न केलं तेव्हा बायकोला तीन वर्षांची मुलगी होती, भिंगरी. तिचे वडील अपघातात गेलेले. पेंटरने तिला सायकल शिकवली, वेण्या घातल्या, कांजिण्या आल्या तेव्हा खाजवू नये म्हणून दहा दिवस तिचे हात धरून बसला. पुढे नवराबायकोचं फाटलं. कोणी कोणाला फसवलं नाही. एकमेकांचं तोंड बघवेना, एवढंच. बायको मुलीला घेऊन वेगळी झाली आणि म्हणाली, "आता तुमचं तिचं नातं काय?" त्याला आठ महिने झाले. महिन्यातून दोन रविवार भिंगरीला भेटू द्या, एवढंच त्याचं मागणं होतं.

"शाळेच्या कुठल्या कागदावर पालक म्हणून तुमचं नाव आहे का?" न्यायाधीशांनी विचारलं.

त्याच्या वकीलबाईंनी तोंड उघडायच्या आत पेंटरने दोन्ही पिशव्या टेबलावर ठेवल्या. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी तो भिंगरीच्या सगळ्या वह्यांना कव्हरं घालायचा आणि लेबलांवर पाट्यांच्या ऐटीत तिचं नाव काढायचा. सगळ्या वह्या त्याने माळ्यावर जपल्या होत्या. यापेक्षा मोठा पुरावा तो काय!

न्यायाधीशांनी एक वही पाहिली, दुसरी पाहिली, तळातली एक ओढून काढली. "अक्षर सुरेख आहे," ते म्हणाले. "पण प्रत्येक वहीवर मुलीच्या नावापुढे तिच्या वडिलांचं नाव आहे. तुमचं कुठेच नाही."

"वडील तेच आहेत तिचे, साहेब."

"मग तुम्ही कोण?"

पेंटर वहीवरचं लेबल अंगठ्याने सारखं करायला लागला. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

बायकोनेच एकदा म्हटलं होतं, "दत्तक घ्या तिला, कागद करून टाकू." तेव्हा पेंटर बाणा दाखवायला गेला होता. "गेलेल्या माणसाचं नाव पुसू? मी नावं रंगवतो, पुसत नाही!" भिंगरी बाबा म्हणायला लागली, तर यानेच तिला काका म्हणायला शिकवलं. "बाबा तुझे वेगळे होते. कोणी विचारलं तर खरं सांगायचं." चांगुलपणाचा हा हिशेबच उलटा, होम करता हात पोळले ते असे.

मग कोर्टाच्या समुपदेशक बाईंचा अहवाल वाचला गेला. हे तुझे कोण, असं त्यांनी भिंगरीला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "ते माझे बाबा नाहीत. काका आहेत. त्यांनीच सांगितलंय, खरं सांगायचं."

कायद्याने नातं नाही, आईची संमती नाही. अर्ज फेटाळला. पेंटर तिथेच, लोकांदेखत रडला.

शाळेला सुट्टी होती म्हणून आईने भिंगरीला बरोबर आणलं होतं. काका बाहेर आल्याबरोबर ती धावली. दप्तरात नऊ कोऱ्या वह्या होत्या, हट्टाने आणलेल्या.

"काका, नावं घालून द्या ना. आईचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय!"

"दहा मिनिटं," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तीही काही दगडाची नव्हती.

अर्ध्या मिनिटात नाव काढणारा हा गडी आज एकेक काना, एकेक मात्रा घोटत बसला.

"किती हळू, काका!"

"घाई केली की शाई पसरते."

भिंगरीचं नाव, पुढे तिच्या वडिलांचं. तिसऱ्या वहीवर पेन थबकलं. त्या गेलेल्या माणसाचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा हेवा वाटला, रागही आला. तरी त्याने लिहिलं, कारण तिचं नाव तेच होतं.

सात वह्या झाल्या. "चल," आई म्हणाली.

भिंगरीने दोन कोऱ्या वह्या त्याच्या हातात कोंबल्या. "या तुमच्याकडेच ठेवा. भेटायला याल तेव्हा आणा. याल ना?"

इतकी वर्षं तिला खरं बोलायला शिकवलेल्या माणसाने आईकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"येईन की," तो म्हणाला.